शेतघरासाठी १२ व्होल्टची सोलर जोडणी, इन्व्हर्टरशिवाय

दिवे, राउटर, छोटा पंखा आणि मोबाइल चार्जिंग एवढंच चालवायचं असेल, तर इन्व्हर्टर घेऊच नका. बॅटरीच्या डीसीचं (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं) २३० व्होल्ट एसी (घरच्या लाइनसारखी वीज) करायचं आणि अ‍ॅडॉप्टरने परत डीसी करायचं, यात वीज दोनदा वाया जाते. शिवाय काही जोडलेलं नसतानाही इन्व्हर्टर बॅटरी खातच राहतो.

आधी हिशेब. २४ वॅटचा १२ व्होल्ट बीएलडीसी (कमी वीज खाणारी डीसी मोटर असलेला) पंखा ६ तास, ५ वॅटचे ३ दिवे ५ तास, १० वॅटचा राउटर १० तास: साधारण ३२० वॅट-तास. घट धरून ४००. दिवसाला ४ तास पूर्ण ऊन मिळेल असं मानलं, तर १०० वॅटचं पॅनल कागदावर पुरतं. पण स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारं साधं यंत्र) पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो. १८ व्होल्टला ५.५ अँपिअर देणारं पॅनल १३ व्होल्टलाही जवळपास तेवढेच अँपिअर देतं, म्हणजे जेमतेम ७२ वॅट. म्हणून १५० वॅटचं, ३६ सेलचं (म्हणजे १८ व्होल्टच्या आसपासचं) पॅनल आणि २० अँपिअरचा कंट्रोलर घ्या. घरांच्या छतावरची मोठी पॅनल ४५-५० व्होल्टपर्यंत जातात. ती १२ व्होल्टच्या पीडब्ल्यूएमला लावली तर कंट्रोलर जळू शकतो.

बॅटरी १२.८ व्होल्ट, ४० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडायला विसरू नका.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी लोड (दिवे, पंखा वगैरे). सोडवताना उलट क्रम. बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. एसीचा एमसीबी (घरच्या बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) इथे चालत नाही: डीसी प्रवाह एसीसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, त्यामुळे ठिणगी विझत नाही.

खरा घोटाळा वायरमध्ये होतो. सगळं एकदम चालू असताना सुमारे ४ अँपिअर जातात. १० मीटर अंतरावर (जाऊन-येऊन २० मीटर) १.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरमध्ये जवळपास १ व्होल्ट जातो; ४ चौ. मिमीमध्ये ०.४. इथे पैसे वाचवू नका.

राउटर थेट बॅटरीवर लावू नका. चार्जिंगवेळी बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते, म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी-जास्त करून देणारा) बसवा. मोबाइलला १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर.

शेवटी सगळं चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवर आणि पंख्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला, तर वायर बारीक आहे किंवा एखादा सांधा सैल आहे. सैल सांधा हाताला गरम लागतो.