कायद्याची माहिती शोधताना या चुका टाळा

कोल्हापुरात तणाव वाढून जमावबंदी आली की ‘१४४ लागले’ असे आजही सर्रास म्हटले जाते. हाच आकडा घेऊन एखादा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता उघडेल, तर त्याच्यासमोर पत्नी, मुले आणि आईवडील यांच्या पोटगीची तरतूद येईल, कारण जमावबंदीचा पूर्वीचा अधिकार आता कलम १६३ मध्ये आहे. (आपल्याकडे असे आदेश पुष्कळदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघतात, ही आणखी वेगळी गोष्ट.)

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे: घटनेची तारीख न पाहता कलमाचा आकडा शोधणे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिता लागू होते आणि त्या दिवसापासून पुढच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता, मग फिर्याद केव्हाही नोंदलेली असो. खुनाचे ३०२ आता १०३ झाले आहे. न्याय संहितेतले ३०२ धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दल आहे. ४८२ चा घोळ तर वकिलांनाही चकवतो, कारण जुन्या प्रक्रिया संहितेत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे कलम होते, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याच क्रमांकावर अटकपूर्व जामीन आहे. म्हणून जुने निकाल शोधताना जुनाच क्रमांक द्यावा, आणि अधिनियमाचा मूळ पाठ मात्र फिरत्या संदेशांऐवजी ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर वाचावा.

दुसरी चूक शब्दाची आहे. ‘नागरी’ म्हणजे ‘दिवाणी’ असे समजून नागरी हक्कांचा शोध घेणारे जमिनीच्या दाव्यांत जाऊन अडकतात. अस्पृश्यतेच्या आचरणासाठी नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांसाठी १९८९ चा अधिनियम आणि जातपंचायतीने वाळीत टाकल्यास सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा, हे तिन्ही पूर्ण नावानेच शोधावेत.

पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रथम खबर (एफआयआर) दिसली नाही म्हणून गुन्हा नोंदलाच नाही असे धरू नये. लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील प्रकरणांतील खबर तेथे चढवली जात नाही. फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. ई-कोर्ट या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधल्यास पाटील आणि जाधव यांची रांगच लागते. त्यापेक्षा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, वापरावा.

उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले. त्यामुळे त्याआधीचा कोल्हापूर जिल्ह्यातील प्रकरणाचा उच्च न्यायालयीन निकाल हवा असल्यास तो मुंबईच्या नोंदींतच पाहावा लागतो.

एवढे करूनही अर्थ लागला नाही, तर कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अटकेतील माणूस यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.