एका सर्व्हरवर दोन जँगो: मोंढ्याचे भाव आणि क्लासचे निकाल

समजा, लातूरच्या मोंढ्यातले सोयाबीनचे भाव दाखवणारी साइट जँगो (पायथन भाषेत वेबसाइट बनवायची चौकट) 5.2 वर आहे आणि एका कोचिंग क्लासची निकालाची जुनी साइट 3.2 वरच अडकलीय. सर्व्हर एकच: उबुंटू 22.04, रॅम 2 जीबी. त्यातला पायथन 3.10 दोन्ही आवृत्त्यांना चालतो, हे नशीब. पण सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) जँगो इन्स्टॉल केलंत की सर्व्हरवर एकच जँगो उरतो आणि एक साइट झोपते.

आधी दोन्ही साइटना वेगळे लिनक्स यूजर द्या. बरेच जण इथेच आळस करतात. व्हेन्व (प्रत्येक साइटच्या पॅकेजेसचं वेगळं फोल्डर) फक्त पायथनची पॅकेजेस वेगळी ठेवतं, फायली नाही. यूजर एकच असला तर एक साइट हॅक झाली की दुसरीचा डेटाबेस पासवर्डही गेला.

ॲप्टने (उबुंटूचं सॉफ्टवेअर टाकायचं साधन) पायथन3-व्हेन्व घ्या. ते उबुंटूत वेगळं टाकावं लागतं. प्रत्येक यूजरच्या होममध्ये व्हेन्व बनवा आणि त्यातल्याच पिपचा पूर्ण पाथ देऊन जँगो आणि गनिकॉर्न (जँगोची साइट चालवणारा प्रोग्राम) टाका. व्हेन्व सुरू करणारं ‘ॲक्टिव्हेट’ चालू टर्मिनलपुरतंच असतं. बनवलेलं व्हेन्व दुसऱ्या फोल्डरात हलवू नका: आतल्या पिप, गनिकॉर्नच्या पहिल्याच ओळीत जुना पाथ लिहिलेला असतो. डिलीट करून नवं बनवलेलं बरं.

गनिकॉर्न हाताने चालू करून ठेवू नका. इकडे लाइट गेली, राउटर बंद पडला, एसएसएच (सर्व्हरशी दुरून केलेली जोडणी) तुटलं, की साइटही गेली. प्रत्येक साइटला सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्राम आपोआप चालू ठेवणारी व्यवस्था) स्वतंत्र सर्व्हिस हवी: तिचा यूजर, व्हेन्वमधल्या गनिकॉर्नचा पूर्ण पाथ, 2 वर्कर (गनिकॉर्नच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती), रिस्टार्ट ऑलवेज (बंद पडली की पुन्हा चालू), मेमरीमॅक्स 400 एम (रॅमची मर्यादा). कोरच्या दुप्पट अधिक एक हे वर्करचं सूत्र इथे विसरा. 2 कोरवर दोन साइटचे 10 वर्कर होतील आणि डेटाबेसला रॅम उरणार नाही.

सगळं चालू, तरी एन्जिनएक्स (ब्राउझरची मागणी गनिकॉर्नकडे पोचवणारा वेब सर्व्हर) 502 ही एरर दाखवतो? बहुतेक सॉकेट (दोघांना जोडणारी फाइल) होममध्ये ठेवलाय. 22.04 मध्ये नव्या यूजरच्या होमची परवानगी 750 असते, एन्जिनएक्सला आत शिरताच येत नाही. घाईत 777 (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊ नका, वेगळे यूजर काढल्याचा उपयोगच संपतो. सर्व्हिसमध्ये रनटाइमडिरेक्टरी (सिस्टमडी होमबाहेर बनवून देतं ते फोल्डर) लिहा, सॉकेट तिथे जाऊ द्या. स्टॅटिक फायलींची (सीएसएस, चित्रं) 403 म्हणजे परवानगी नसल्याची एररही त्याच कारणाने येते. त्या होमबाहेर ठेवा.

उबुंटू 24.04 वर जाण्याआधी दोन्हीकडे पिप फ्रीझ करून पॅकेजेसची यादी जपून ठेवा. तिथे पायथन 3.12 आहे, जुनी व्हेन्व मोडतात. भावाची साइट यादीवरून परत उभी राहील. निकालाची नाही, कारण 3.2 चा अधिकृत आधार पायथन 3.10 पर्यंतच आहे.