विमानाचा प्रोपेलर निखळला तर या चुका टाळा

प्रोपेलर म्हणजे वैमानिकाला वारा घालणारा पंखा आणि तो थांबला की वैमानिकाला घाम फुटतो, हा विनोद विमान शिकणाऱ्यांत जुना आहे. मुंबईतल्या जुहू विमानतळावरून उडणाऱ्याने तर खाली वर्सोव्याच्या कोळ्यांकडून वल्ही मागून घ्यावीत आणि खिडकीतून वल्हवत धावपट्टी गाठावी, अशी भरही त्यात घालता येईल. यावर मनसोक्त हसावे. मात्र प्रोपेलर गेला की विमान कोसळलेच, हा त्यामागचा समज मनातून काढून टाकावा, कारण पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. सेसना १७२ हे विमान ६८ नॉटच्या (ताशी सुमारे १२६ किलोमीटरच्या) आसपास वेग राखून, वारा नसताना, १,००० फुटांवरून साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते, आणि हा हिशेब प्रोपेलर जागेवर असतानाचा आहे. तो गळून पडला तर हवेचा अडथळा उलट कमी होतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे इंजिन चालू ठेवणे. भार नाहीसा झाल्यामुळे इंजिनाचे फेरे धोक्याच्या लाल रेषेपलीकडे जातात, म्हणून थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) आणि मिक्स्चर (इंधनाचे प्रमाण ठरवणारा दांडा) दोन्ही तात्काळ मागे ओढावेत. संपूर्ण प्रोपेलर न जाता पात्याचा तुकडाच उडाला, तर प्रसंग अधिक बिकट असतो: असंतुलित फिरण्याच्या हादऱ्यांनी इंजिन आपल्या बैठकीवरून उखडू शकते, आणि नाकावरचे एवढे वजन गेल्यावर विमानाचा तोल सावरणे जवळजवळ अशक्य होते. अशा वेळी इंजिन बंद करून भागत नाही. वाऱ्याने फिरत राहिलेला प्रोपेलर थांबेपर्यंत, स्टॉल होणार नाही, म्हणजे पंखांचा हवेतला आधार सुटणार नाही, याची काळजी घेत, वेगही कमी करावा लागतो.

प्रोपेलर पूर्ण गेला तरी पुढचे वजन घटून नाक वर उचलले जाऊ शकते. उंची टिकवण्याच्या धडपडीत स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) आणखी मागे ओढली की स्टॉल ठरलेला, म्हणून नाक खाली दाबून तरंगण्याचा वेग आधी मिळवावा आणि 'मेडे' हा रेडिओवरचा संकटाचा संदेश त्यानंतर द्यावा.

उड्डाण केल्याबरोबर कमी उंचीवर मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. जुहूहून पश्चिमेकडे उडाल्यावर समोर समुद्र असतो, तेव्हा संध्याकाळच्या गर्दीच्या चौपाटीकडे न वळता पाण्यावर उतरण्याची तयारी करावी. दारे आधीच उघडी करून ठेवावीत आणि लाइफ जॅकेट विमानाबाहेर पडल्यावरच फुगवावे.

खरी खबरदारी मात्र जमिनीवरच घ्यायची असते, आणि तिथेच घाई होते. पात्याच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. खड्याने पडलेली बारीकशी खाच पुढे तड्यात बदलते. लाकडी प्रोपेलर मुंबईच्या पावसाळ्यात फुगतो आणि हवा कोरडी झाली की आकसतो, त्यामुळे ऋतू पालटल्यावर त्याच्या बोल्टांची घट्टाई टॉर्क पान्याने (किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पान्याने), निर्मात्याने दिलेल्या आकड्यानुसार, तंत्रज्ञाकडून पुन्हा तपासून घ्यावी.