रक्ती-मुंडी पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात रक्ती-मुंडी (बकऱ्याचं रक्त आणि डोक्याचं मटण) खायची असेल तर रविवारी किंवा बुधवारी जा, आणि साडेबाराच्या आत. एका बकऱ्याची रक्ती, मुंडी, वजडी (पोट-आतडी) निघते ती किती? आमच्या गल्लीतल्या खानावळीत दीडला "संपली" असंच ऐकू येतं. म्हणून बसल्या बसल्या आधी विचारा, "रक्ती आहे का?"

पहिली वेळ असेल तर चौघांत एकच प्लेट मागवा. रक्तीत बकऱ्याचं रक्त शिजवून कांदा-लसूण चटणीत परतलेलं असतं. चव कलेजीच्या जवळ जाते, पण घास भुसभुशीत लागतो. गरम असतानाच भाकरीच्या तुकड्यात उचला; गार झाली की कोरडी पडते. मुंडीतला जिभेचा मऊ तुकडा पाहुण्याला द्या. पुण्याच्या मेव्हण्याला मी तोच दिला, आणि तो त्याच जेवणात भेज्यापर्यंत पोचला! वजडी मात्र हुंगून घ्या. नीट धुतली नसेल तर वास येतो. तशी आली तर भीड न धरता परत पाठवा.

मध्येमध्ये पांढरा रस्सा वाटीनं प्या. अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, नारळाचं दूध घातलेलं असतं, त्यानं जीभ निवते. तांबडा शेवटच्या भातासाठी राखा, वर लिंबू पिळून.