घरी ॲल्युमिनियमचे लहान भाग ॲनोडाइझ करण्याची पद्धत

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेतलेली एखादी घुंडी, बुश किंवा सायकलीचा लहान भाग घरच्या घरी रंगीत आणि टिकाऊ करता येतो, परंतु तो भाग ॲल्युमिनियमचाच असला पाहिजे. लोखंड, पितळ किंवा जस्ताचे ओतीव भाग या पद्धतीने होत नाहीत. ॲल्युमिनियममध्येही खिडक्यांच्या सेक्शनसाठी वापरला जाणारा ६०६३ हा मिश्रधातू सर्वांत सोपा पडतो. जास्त सिलिकॉन असलेले डायकास्ट, म्हणजे साच्यात दाबाने ओतलेले भाग करडे, डागाळलेले निघतात. त्यांच्यावर वेळ घालवू नये.

सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात भाग धन टोकाला जोडून वीज सोडली की त्याच्या पृष्ठभागाचेच सूक्ष्म छिद्रे असलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये रूपांतर होते; यालाच ॲनोडाइझ करणे म्हणतात. हा थर वरून चढवलेला नसून धातूतूनच वाढलेला असतो, म्हणून तो रंगासारखा सोलला जात नाही. मात्र त्याच्या जाडीचा काही भाग मापात वाढतो, हे घट्ट बसणाऱ्या भागांच्या बाबतीत लेथवाल्याला आधीच सांगून ठेवावे.

आम्ल म्हणून बॅटरीच्या दुकानात मिळणारे तयार ॲसिड पुरते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर किरकोळ ॲसिडविक्रीवर निर्बंध असल्यामुळे ओळखपत्र सोबत न्यावे. जेवढे ॲसिड तेवढेच डिस्टिल्ड पाणी घेतल्यास वजनाने सुमारे १८ ते १९ टक्क्यांचे द्रावण होते. आधी पाणी घेऊन त्यात ॲसिड हळूहळू ओतावे. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. नळाच्या पाण्यातील क्लोराइडमुळे पृष्ठभागाला खड्डे पडू शकतात, म्हणून येथे काटकसर करू नये. भांडे जाड प्लॅस्टिकचे असावे, डोळ्यांवर गॉगल आणि हातांत रबरी हातमोजे असावेत, आणि काम उघड्या पडवीत, विस्तवापासून दूर करावे, कारण ऋण टोकाकडून हायड्रोजन निघतो.

स्वच्छतेला बाकी सर्व कामांपेक्षा अधिक वेळ द्यावा. भाग भांडी धुण्याच्या साबणाने घासून, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा घातलेल्या द्रावणात एक-दोन मिनिटे बुडवावा आणि भरपूर पाण्याने धुवावा. कॉस्टिकसाठी ॲल्युमिनियमचे पातेले घेऊ नये, ते स्वतःच विरघळू लागते. धुतलेल्या भागावर पाण्याचा सलग पातळ पडदा राहिला तर तो स्वच्छ झाला. पाण्याचे थेंब वेगळे होऊ लागले तर तेल शिल्लक आहे असे समजून पुन्हा घासावा. यानंतर त्याला उघड्या बोटाने स्पर्श करू नये, कारण बोटाचा ठसा रंगातून जसाच्या तसा उमटतो.

जोडणीसाठी सर्व्हिस वायरमधली ॲल्युमिनियमची तार घ्यावी. तांब्याची किंवा लोखंडाची तार द्रावणात जाऊ देऊ नये. तार भोकात दाबून इतकी घट्ट बसवावी की भाग हलवला तरी ती सरकणार नाही. ऑक्साइडचा थर वीजरोधक असल्यामुळे सैल जोडणीत तोच थर तारेखाली वाढतो आणि प्रवाह बंद पडतो. घरी फसणाऱ्या कामांचे हे फार मोठे कारण आहे. ऋण टोकाला ॲल्युमिनियमचाच पत्रा लावावा. शिशाचा पत्राही चालतो, पण शिसे विषारी असल्याने तो टाळलेला बरा.

प्रवाह क्षेत्रफळावरून ठरवावा. दर चौरस डेसिमीटरला (१०० चौरस सेंटिमीटरला) दीड अँपिअर हे प्रमाण धरल्यास ३० मिलिमीटर व्यासाच्या, २० मिलिमीटर उंचीच्या घुंडीचे क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस सेंटिमीटर भरते आणि तिला अर्धा अँपिअर पुरतो. स्थिर प्रवाह देणारा डीसी पुरवठा वापरला तर व्होल्टेज साधारण १२ ते १८ च्या दरम्यान राहते आणि ४५ मिनिटांत सुमारे २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर तयार होतो.

सांगलीत खरी अडचण तापमानाची आहे. द्रावण २० ते २२ अंश सेल्सिअसला हवे, तर एप्रिल-मे महिन्यांत येथे खोलीत ठेवलेले पाणीही त्याहून बरेच गरम असते. गरम आम्ल तयार होणारा थर लगेच विरघळवू लागते आणि हाताला खडूसारखी भुकटी लागते. म्हणून द्रावणाचे भांडे मोठ्या टबातल्या बर्फाच्या पाण्यात ठेवावे, थर्मामीटर सतत पाहावा, आणि शक्य असेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी करावे.

प्रवाह थांबवून भाग काढल्यावर थंड पाण्याने नीट धुवावा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात क्षणभर बुडवून पुन्हा धुवावा आणि वाळू न देता लगेच रंगात घालावा. ॲनोडायझिंगचाच खास रंग घ्यावा; कापडाचे बरेच रंग उन्हात लवकर विटतात. रंगाचे पाणी ५० ते ६० अंशांवर ठेवावे, कारण त्याहून गरम पाण्यात छिद्रे रंग शिरण्याआधीच मिटू लागतात. दहा-पंधरा मिनिटांत हवी ती छटा आली की भाग उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवावा, म्हणजे छिद्रे बंद होऊन रंग आत राहतो. यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. कोरड्या भागावर मल्टिमीटरची दोन्ही टोके हलकेच टेकवावीत. तार बसवली होती ती जागा सोडून कोठेही वीज वाहत नसेल तर थर सलग आला आहे.

उरलेले द्रावण झाकण घट्ट लावून, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे. ते पुन्हा वापरता येते. टाकायचेच असेल तर भरपूर पाण्यात थोडे थोडे मिसळून, फेस येणे थांबेपर्यंत धुण्याचा सोडा घालून ते उदासीन करावे. ॲसिड जसेच्या तसे गटारात ओतू नये, कारण गावातली गटारे अखेर कृष्णेलाच मिळतात.