मित्रदेशाच्या टँकरकडून समुद्रातच इंधन कसं घ्यावं

मलबार असो, फ्रान्ससोबतचा वरुण असो, की ब्रिटिश नौदलासोबत 2004 पासून होणारा ‘कोकण’, प्रत्येक संयुक्त सरावात एक फोटो हमखास निघतो. दोन जहाजं शेजारी शेजारी धावतायत आणि मधे वायरला लटकलेला काळा होज, म्हणजे इंधनाची नळी. फोटोत हे सोपं दिसतं, पण सगळ्या सरावात जहाजाला जहाज घासण्याचा खरा धोका इथेच असतो. तोफा डागताना दोन जहाजांत मैलांचं अंतर असतं. इथे ते 40-50 मीटर असतं, आणि तेही तासभर टिकवायचं असतं.

नौदलात याला ‘रॅस’ (रिप्लेनिशमेंट अ‍ॅट सी, म्हणजे समुद्रातच रसद घेणं) म्हणतात. ही मांडणी इंधन घेणाऱ्या जहाजाच्या बाजूने केली आहे, कारण टँकरला बहुतांश वेळ फक्त सरळ चालायचं असतं. कसरत आपली.

आधी कागद, मग दोर

परक्या टँकरकडून तेल घेता येतं ते देशादेशांतल्या करारामुळे. अमेरिकेशी भारताचा लेमोआ, म्हणजे एकमेकांना इंधन-रसद देण्याचा करार, ऑगस्ट 2016 मध्ये झाला. फ्रान्सशी 2018 मध्ये, ऑस्ट्रेलियाशी जून 2020 मध्ये आणि जपानशी सप्टेंबर 2020 मध्ये अशाच व्यवस्था झाल्या. त्याच सप्टेंबरात आयएनएस तलवारने उत्तर अरबी समुद्रात अमेरिकेच्या यूएसएनएस युकॉनकडून तेल घेतलं, ते लेमोआखालीच. पण करार राजधानीत होतो, आणि गाडं अडतं डेकवर. म्हणून सरावाच्या बंदरातल्या बैठकीतच पुढच्या गोष्टी समोरासमोर बसून पक्क्या करा. ईमेलवर ‘नोटेड’ असं उत्तर आलं म्हणजे समजलं असं धरू नका.

पहिली गोष्ट, मोजमाप. आपण घनमीटर किंवा टन बोलतो, अमेरिकन टँकर गॅलन बोलतो. 1 घनमीटर म्हणजे सुमारे 264 अमेरिकन गॅलन. 300 घनमीटर हवं असेल तर मागणीत 79,000 गॅलन हा आकडाही लिहा, आणि डिझेलची घनता 0.84 च्या आसपास धरून सुमारे 250 टन हेही लिहा. तिन्ही आकडे एकाच ओळीत असले की वाद होत नाही. अंतराचंही तसंच आहे. ‘140’ म्हणजे फूट की मीटर, हे ब्रिजवरच्या (जहाज जिथून चालवतात त्या कक्षातल्या) प्रत्येकाला ठाऊक हवं.

दुसरी, तेलाचा दर्जा. नाटो देशांची जहाजं एफ-76 हे डिझेल वापरतात. त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते) किमान 60 अंश सेल्सिअस असावा लागतो, बंद टाक्यांत साठवायचं असल्याने ही अट सैल करता येत नाही. परदेशी नौदलांशी जुळावं म्हणून भारतीय नौदलाने इंडियन ऑइलसोबत जानेवारी 2021 मध्ये एचएफएचएसडी-आयएन 512 हे सुधारित डिझेल आणलं. हेलिकॉप्टरचं इंधन वेगळं असतं. तेही घ्यायचं असेल तर त्याचा होज आणि तोंड कुठलं, हे आधीच विचारा.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते: तोंडाला तोंड जुळतं का? टँकरच्या होजला पुढे टोकदार ‘प्रोब’ असतो आणि आपल्या डेकवर घंटेसारखं रुंद तोंड असलेला रिसीव्हर. काही जहाजांवर त्याऐवजी क्विक रिलीज कपलिंग, म्हणजे झटक्यात सुटणारा जोड, असतो. नुसतं ‘आमच्याकडे प्रोब आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. रिसीव्हरचा फोटो, डेकवरची त्याची जागा आणि वायर अडकवायच्या बिंदूची उंची मागवा, आपलीही द्या. टँकरचे खांब आणि आपला रिसीव्हर समोरासमोर आले, तरच होज सरळ येतो. दोन जहाजांमधल्या फोनच्या दोराचा प्लगही तपासा. तो जुळत नसेल तर डेकवरचं सगळं बोलणं हातातल्या फळ्यांच्या इशाऱ्यांवर येतं. हेल्मेटचे रंगही विचारा: अमेरिकन डेकवर बंदुकीने दोर डागणारा लाल आणि इशारे देणारा हिरवा घालतो, इतर नौदलांत तसंच असेल असं नाही.

जागा आणि दिशा

300 घनमीटर, ताशी 300 घनमीटरने, म्हणजे एक तास. दोर बांधणं, होज रिकामा करणं, सुटणं यांना अर्धा तास धरा. 12 नॉटने दीड तास म्हणजे 18 सागरी मैल, आणि या पट्ट्यात वळायचं नाही. म्हणून नकाशावर किमान 25 मैलांची मोकळी रेघ मारा. कोकण किनाऱ्यासमोर हे वाटतं तितकं सोपं नाही. मासेमारीबंदी 31 जुलैला संपते, त्यानंतर ट्रॉलर खूप बाहेरपर्यंत असतात आणि त्यांच्या मागच्या जाळ्यांना रडारवर ठिपका नसतो. नॅव्हेरिया 8 (आपल्या सागरी क्षेत्रासाठी जहाजांना इशारे देणारी व्यवस्था) ची सूचना, जिचं समन्वयन देहरादूनचं जलसर्वेक्षण कार्यालय करतं, मोठी जहाजं वाचतात. छोट्या होडीवाल्याकडे ती पोचेलच असं नाही, त्यामुळे पुढे एक हेलिकॉप्टर किंवा दुसरी युद्धनौका ठेवा. पाणीही खोल निवडा, उथळ पाण्यात दोन जहाजांमधली ओढ वाढते.

दिशा ठरवताना लाटा नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) जरा बाजूने, 20-30 अंशांवरून, घ्या. मागून लाट आली की सुकाणू हातात राहत नाही. नैर्ऋत्य मॉन्सूनच्या फुगलेल्या समुद्रात पहिल्याच खेपेला परक्या टँकरशी जोडी जमवू नये, हे आमचं ठाम मत. ऑक्टोबरनंतर भरपूर दिवस मिळतात.

जवळ जाणं

ठरलेली दिशा आणि वेग यांना ‘रोमिओ कॉर्पेन’ आणि ‘रोमिओ स्पीड’ म्हणतात. टँकर त्यावर स्थिर होतो आणि ज्या बाजूने द्यायचं त्या बाजूला आर झेंडा (रोमिओ, म्हणजे आर अक्षराचा संकेतध्वज) अर्ध्यावर चढवतो. दोन्ही जहाजांवर गोळा-चौकट-गोळा हे काळे आकार, रात्री लाल-पांढरा-लाल दिवे, म्हणजे आम्ही वळू शकत नाही. टँकरने आर झेंडा पूर्ण वर नेला की तो तयार आहे. आपण आपला आर पूर्ण वर नेऊन निघायचं.

मागे साधारण 500 मीटरवर थांबून रेघ आधी जमवा. टँकर आयएनएस दीपकसारखा 25 मीटर रुंद, आपली फ्रिगेट 17 मीटर, आणि मधे 45 मीटर पाणी हवं. मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत 12.5 अधिक 45 अधिक 8.5, म्हणजे 66 मीटर. 1000 मीटरवर 1 अंश म्हणजे 17.5 मीटर, तर 500 मीटरवर 8.7. म्हणून टँकर आपल्या नाळेच्या रेषेपासून साडेसात अंश बाजूला दिसला पाहिजे. 250 मीटरवर तोच कोन साधारण 15 व्हायला हवा. तो वाढत नसेल तर आपण टँकरच्या पिछाडीवर चाललो आहोत, तिथेच वेग उतरवा आणि पुन्हा मागे जा. मागे जाण्यात कमीपणा नाही. पुढे जाऊन ‘बघू जमतंय का’ करण्यात आहे.

टँकरपेक्षा 3 ते 5 नॉट जास्त वेग ठेवा. 5 नॉटने 500 मीटर कापायला सव्वातीन मिनिटं लागतात. आपली नाळ टँकरच्या पिछाडीशी आली की वेग उतरवायचा. जड जहाज लगेच मंदावत नाही, म्हणून उशीर केलात तर आपण पुढे निघून जातो. पण पिछाडीजवळ रेंगाळूही नका. जहाजाच्या नाळेशी आणि पिछाडीशी पाण्याचा दाब जास्त असतो, मधल्या भागात कमी. टँकरच्या पिछाडीचा दाब आपली नाळ बाहेर ढकलतो, आणि थोडं पुढे गेलं की मधला कमी दाब तीच नाळ आत ओढतो. नवशिक्याची चूक इथे ठरलेली: नाळ बाहेर गेली म्हणून तो आत सुकाणू देतो, तोवर ओढ सुरू होते, आणि दोन्ही बळं एकत्र येतात.

दोरांचा क्रम

दोर कोण डागणार हे आधीच ठरलेलं असतं. डागणाऱ्या जहाजाने शिट्टीचा एक लांब सूर द्यायचा, समोरच्याने आडोसा घेऊन दोन सूर. त्यानंतरच डागायचं. बारीक दोराला जाड दोर, त्याला फोनचा आणि अंतराचा दोर, आणि शेवटी पोलादी स्पॅन वायर, जिला होज लटकतो. ओढणारा दोर हाती आला की दोघांचेही आर झेंडे खाली येतात.

अंतराच्या दोरावर दर 20 फुटांनी रंगीत निशाण असतं: शून्यावर हिरवं, मग लाल, पिवळं, निळं, पांढरं, आणि 100 फुटांवर पुन्हा हिरवं. हा दोर ताणलेला आणि काटकोनात हवा. तो तिरका झाला तर आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो आणि आपण जवळ येत असताना ब्रिजवर सगळं आलबेल वाटतं.

स्पॅन वायर पेलिकन हुकला (झटक्यात उघडता येणाऱ्या हुकला) अडकवून खात्री झाल्याशिवाय ताण देण्याचा इशारा करायचा नाही. ताण आल्यावर वायरखाली किंवा तिच्या सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही. पायाजवळ दोराची वेटोळी दिसली की काम थांबवा, ती आधी बाजूला करा.

शेजारी टिकणं

सुकाणूचे हुकूम अर्ध्या किंवा एक अंशाच्या दिशेत द्या, वेग काही फेऱ्यांनी कमीजास्त करा. जवळ आलो म्हणून मोठं सुकाणू दिलं तर नाळ बाहेर जाते खरी, पण पिछाडी टँकरकडे झुलते आणि धडक तिथेच बसते. सुकाणूवरचा खलाशी अर्ध्या तासाने बदलायचा असेल तर जुन्याने दोन मिनिटं नव्याजवळ उभं राहावं. सुकाणू निकामी झालं तर काय, यासाठी पिछाडीच्या सुकाणू-कक्षात माणसं आधीपासून बसवलेली असली पाहिजेत.

प्रोब बसल्याची खूण दिसली की पंपाचा इशारा. इंधन वाहत असेपर्यंत बी झेंडा पूर्ण वर, धूम्रपान आणि गरम कामं बंद. सुरुवात कमी दाबाने करा, होज आणि सांधे पाहा, मग वाढवा. पहिल्या पाच मिनिटांत नमुना काचेच्या बाटलीत घ्या. तो स्वच्छ आणि चमकदार हवा. धूसर दिसला तर त्यात पाणी आहे, तळाशी गाळ दिसला तरी पंप थांबवा. टँकर मित्राचा आहे म्हणून नमुना टाळणं भिडेखातर होतं, आणि पुढे टर्बाइनचे फिल्टर तुंबल्यावर ती भीड महागात पडते. टाकी 95 टक्क्यांच्या वर नेऊ नका. टाकी भरत आल्यावर दाब उतरवायला सांगा, नाहीतर हवेच्या नळीतून तेल डेकवर आणि मग समुद्रात.

तातडीने सुटावं लागलं तर

इंजिन बंद पडलं, सुकाणू अडकलं, अंतर झपाट्याने कमी झालं, किंवा समोर होडी आली तर कुठलंही जहाज आखूड भोंगे सलग वाजवून सुटण्याचा हुकूम देऊ शकतं. आधी पंप बंद, मग प्रोब सोडा, वायरचा ताण उतरवा, आणि त्यानंतरच पेलिकन हुक उघडा. ताणलेली वायर सोडली तर ती चाबकासारखी उसळते. कुऱ्हाड शेवटचा उपाय, तीही सैल दोरावर. दोर पाण्यात राहिले असताना वेग वाढवला तर ते आपल्याच पंख्यात जातात. ही तालीम कोरडी, बिनतेलाची, पहिल्या दिवशी दोन्ही जहाजांनी करून बघावी. भाषा एक असली तरी ‘सोडा’ हा हुकूम कोण कुणाला देतो यात फरक असतो.

साधं सुटणं याउलट संथ. 15 मिनिटं आधी प्रेप (तयारीचा) झेंडा अर्ध्यावर, शेवटचा दोर सोडताना पूर्ण वर, सगळं मोकळं झालं की खाली. वेग दोनतीन नॉट वाढवा, दिशा थोडी थोडी बाहेर घ्या, आणि आपली पिछाडी टँकरच्या नाळेपुढे पूर्ण गेल्यावरच मोठं वळण.

मग राहते पावती. तेल गरम झालं की फुगतं, 10 अंशांना सुमारे 0.8 टक्के. 300 घनमीटरवर तो फरक जवळजवळ अडीच घनमीटर येतो. टँकरने 40 अंशांवर मोजलेलं आणि आपण 30 अंशांवर मोजलेलं जुळणार नाही, आणि तिथे कुणी कुणाला फसवलेलं नसतं. दोघांनी तापमान लिहून आकडा 15 अंशांवर आणायचा, दोन्ही बाजूंनी सही करायची. पैसे द्यायचे, तितकंच तेल परत द्यायचं, की समान किमतीची दुसरी मदत करायची, हे त्या त्या करारात ठरलेलं असतं, पण हिशेब सुरू होतो तो या सहीच्या कागदापासून.