बाहेरून येऊन राहिलात? मग गल्लीच्या कामी असं पडा

मी मूळचा पाटोदा तालुक्यातला, आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे, दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत टाकून कारखान्यावर आणि परत यायचं ते पार उन्हाळ्यातच. नंतर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कंपनीत लागलो आणि इथलाच झालो. आमच्या गल्लीत बीड, जालना, परभणीचे आहेतच, बिहार-यूपीचेपण लई जण आहेत. त्यातलेच काही विचारतात की भाऊ आम्हालापण इथल्या लोकांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून हे लिहायलोय.

आधी बस्तान बसू दे मग बघू, असं म्हणू नका. बस्तान कधीच बसत नसतं. तुम्ही स्वतः जिथं अडला होतात ना तेच काम हातात घ्या, कारण माणूस तिथं नेमका कशानं अडतो ते तुम्हालाच ठाऊक. माझं शाळेत अडलं होतं. चौथीत कारखान्यावर गेलो तर तिथल्या शाळेनं दाखला नाही म्हणून वर्गात बसू दिलं नाही, मी पूर्ण हंगाम कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, धाकट्या बहिणीला सांभाळत बसलो आणि वर्ष गेलं. ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणून मी दाखल्यापासूनच सुरुवात केली.

तर शाळेचं असं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ आहे, सरकारी शाळेत बदलून आलेल्या पोराचा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश थांबवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनपण नाही, ते कलम १४. मधे शाळा सुटली असली तर वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागं राहिलेलं वेगळं शिकवायचं, ते कलम ४. हा कागद खिशात ठेवा, पण गेल्या गेल्या टेबलावर आपटू नका. हेडमास्तरांना एवढंच म्हणा, सर पोरगं आजपासून बसू द्या, दाखल्याच्या मागं मी लागतो. आणि खरंच लागा, जुन्या शाळेतल्या सरांना फोन करा, आठ दिवसांनी परत करा, कारण पोराच्या बापाला सुट्टी मिळत नाही आणि तिथंच सगळं राहून जातं.

रेशनचं सोपं आहे पण कुणी सांगत नाही. अन्नसुरक्षेतलं कार्ड असेल आणि आधार जोडलेलं असेल तर गावाकडचं धान्य इथल्या दुकानातपण मिळतं, बिहारचं कार्डपण चालतं. थोडं इथं उचललं तरी उरलेलं घरचे गावाकडं उचलू शकतात. मजुरी करून ज्यांची बोटं झिजलीत त्यांचा अंगठा मशीनवर उठत नाही, त्यांना आधी आधार केंद्रावर नेऊन बायोमेट्रिक अपडेट करून घ्या. आणि कुणाचे ओरिजिनल कागद स्वतःजवळ ठेवायचे नाहीत, झेरॉक्स घ्या. पैसे तर चहाचेसुद्धा घेऊ नका, एकदा घेतले की तुम्ही एजंट झालात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फक्त आपल्या गावच्या माणसांचंच करत बसलात तर गल्ली तुम्हाला बाहेरचाच म्हणणार. इथल्यांच्या अडीनडीला जा. आम्ही रक्तगटांची यादी केली, १८ ते ६५ वय, वजन ४५ किलोच्या वर, पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि बायांनी चार महिन्यांनी परत द्यायचं. एकदा इथल्याच एका मावशींच्या सुनेला रात्री घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, रक्त लागलं, यादीत बघून दोन बिहारची पोरं उठून गेली, सकाळी तशीच ड्युटीवर. तोवर त्या मावशी त्यांना भय्ये म्हणायच्या, आता नावानं हाक मारतात आणि सणाला ताट पाठवतात.

बाहेरचा म्हणून कुणी टोचलंच तर स्वामी रामानंद तीर्थांचं सांगा. जन्म १९०३ चा, सिंदगीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत शिकवायला आले, निजामाच्या तुरुंगात गेले, आणि १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो त्या लढ्याचे ते पुढारी. त्यांना मराठवाड्यात कोण बाहेरचं म्हणतं?

बाकी रविवारी दोन तास एकाच जागेवर बसा, आम्ही मारुतीच्या पारावर बसतो. एक वही ठेवा, नाव, काम, पुढची तारीख. तुम्ही नसलात तर दुसऱ्याला वही बघून काम पुढं नेता आलं पाहिजे.

आणि तुमच्या गल्लीतून किंवा गावाकडून कुणी ऊसतोडीला जाणार असेल तर दसऱ्याच्या पंधरा दिवस आधीच पोरांची यादी करा. आजी-आजोबा घरी राहणार असतील तर पोरगं मागं ठेवून शाळेतल्या हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. सोबत न्यायचंच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे पोरगं कितवीत आहे, किती शिकलंय ते तिकडच्या शाळेला दाखवायचं कार्ड, मागून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या, कारण कोपीत पाणी शिरलं की पहिले कागदच भिजतात.